बत्तीस घरांच्या चिठ्ठ्या

त्या रविवारी वरळीच्या बीडीडी चाळीतल्या विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. वंदना संपून तास झाला तरी कोणी उठत नव्हतं. उलट बाहेरचे आत येत होते, आतले भिंतीला चिकटत होते, आणि पुस्तकांच्या ज्या कपाटावर 'येथे बसू नये' अशी पाटी होती, त्यावर दोघे बसले होते. समोर पांढरी चादर ताणली होती. तिच्यावर प्रोजेक्टरमधून हिरवे-लाल आकडे धावत होते आणि शेजारी जयवंत सर उभे होते.

"हे सगळं लाइव्ह आहे," जयवंत सर म्हणाले. "या क्षणाला प्रज्ञा बाजारात सौदे करतेय. मी हात लावलाय का? बघा, माझे हात खिशात आहेत."

दीडशे माणसांनी सरांचे खिसे पाहिले. हात खरोखरच खिशात होते.

प्रज्ञा हे त्यांच्या सॉफ्टवेअरचं नाव. शेअर बाजार उद्या चढणार की पडणार हे ती आदल्या दिवशी ओळखते आणि माणसाला न विचारता आपली आपण खरेदी-विक्री करते, असा तिचा लौकिक गेल्या पंधरा दिवसांत चाळीभर पसरला होता.

"हिला म्हणतात न्यूरल नेटवर्क. न्यूरल म्हणजे मेंदूचं. तुमच्या डोक्यात शिरांचं जाळं आहे ना, तसं हिच्यात आहे. थरावर थर. किती थर असतील?" सर थांबले, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बावीस."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. दर वर्षी याच हॉलमध्ये उभं राहून बावीस प्रतिज्ञा म्हणणारी ही माणसं. यंत्रालाही बावीसच थर असावेत, याचं त्यांना फार बरं वाटलं.

"पण सर, तिला कळतं कसं?" बाबुरावांनी विचारलं. बाबुराव पोस्टातून निवृत्त झालेले, विहार समितीचे सचिव. पावतीशिवाय ते कोणाला झाडूसुद्धा आणू देत नसत.

"बाबुराव, लाखातला प्रश्न. तिला कसं कळतं ते मलाही माहीत नाही. जगात कोणालाच माहीत नाही. हीच तर न्यूरल नेटवर्कची ताकद."

हॉलमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. एखादा भगत 'मला कसं कळतं ते मलाच माहीत नाही' असं बोलला असता, तर याच मंडळींनी त्याला उचलून जांबोरी मैदानात ठेवून दिला असता.

कौसल्या तांबे पिशवी हातात घेऊन दारात उभी होती. शीवकडच्या एका पालिका रुग्णालयात ती वीस वर्षांपासून नर्स होती. तिने विचारलं, "आणि चुकली तर?"

"ताई, नेटवर्क चुकत नाही," सर हसून म्हणाले. "नेटवर्क शिकतं."

कौसल्याच्या वॉर्डात एखाद्या नव्या डॉक्टरने चुकीचं औषध देऊन असं उत्तर दिलं असतं, तर त्याची दुसऱ्या दिवशी चौकशी लागली असती. इथे टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या तिच्या वडिलांनीही वाजवल्या.

या चाळीत अंगात येणं बंद होऊन साठ वर्षं झाली होती. इथे कोणी दाराला लिंबू-मिरची टांगत नाही, कोणी गंडेदोरे बांधत नाही, आणि बांधलेच तर बाहीखाली लपवतो. एकदा कोणी तरी करणी उतरवणारा आणला होता, तर बायकांनी त्याला इतके प्रश्न विचारले की तो आपली झोळी विसरून गेला. आपल्याला कोणी बनवू शकत नाही, ही इथल्या लोकांची पक्की खात्री. म्हणून जयवंत सरांनी अंगारा आणला नाही, लॅपटॉप आणला. देव सोडलेल्या माणसांपुढे देव कशाला काढायचा? त्यांनी विज्ञान काढलं. विज्ञानाला हात जोडले तर त्याला कोणी अंधश्रद्धा म्हणत नाही.

अप्पा, म्हणजे कौसल्याचे वडील कोंडीराम तांबे. वय बहात्तर. गिरणीत साचेखात्यात चार साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचे. संपात गिरणी गेली ती गेलीच. मग वॉचमनकी, मग दादरच्या बाजारात हमाली, मग डोळ्यात मोतीबिंदू. चाळीतली खोली थोरल्या भावाच्या नावावर होती. इमारत पाडली की नवी जागा पुतण्याला मिळणार हे उघड होतं. अप्पांना स्वतःचं म्हणून एकच घर दिसत होतं, गिरणी कामगारांच्या सोडतीत लागलेलं. लागलं तेव्हा छाननीत आधी 'अपात्र' ठरले होते, हजेरीचा एक कागद कमी म्हणून. तो कागद मिळवायला चार वर्षं गेली. आता ते पात्र होते, आणि महिनाअखेरपर्यंत साडेनऊ लाख भरायचे होते. भरले नाहीत तर घर गेलं.

सहा लाख अप्पांचे साठवलेले होते. उरलेले साडेतीन लाख कौसल्याने हॉस्पिटलच्या पतपेढीतून कर्जाऊ मंजूर करून घेतले होते. अप्पांच्या सहीशिवाय ते निघणार नव्हते, कारण ते सहकर्जदार. आणि अप्पा सही करत नव्हते.

"तुझ्या डोक्यावर सात वर्षांचा हप्ता ठेवून मी घराची चावी घेऊ?" ते म्हणायचे. "त्या घरात मला झोप लागेल?"

नेमके तेव्हा जयवंत सर आले. महिन्यापूर्वी त्यांनी वरळी, नायगाव, शिवडी, कोळीवाडे अशी 'आर्थिक साक्षरता शिबिरं' घेतली होती. आलेल्याचा मोबाइल नंबर लिहून घ्यायचा आणि हातात एक प्लास्टिकचा डबा द्यायचा. डबे बरे होते. चाळीतून दोनशे नंबर गेले, सगळीकडून मिळून बाराशे; हा आकडा सर प्रत्येक शिबिरात सांगायचे. मग रोज सकाळी नऊला प्रत्येकाला स्वतंत्र मेसेज यायला लागला : 'आज तेजी' किंवा 'आज मंदी.' खाली सूचना : 'हा संदेश फक्त आपल्यासाठी आहे. इतरांस दाखवल्यास नेटवर्क बिघडते.'

अप्पांना बारीक अक्षरं दिसत नसत, म्हणून कौसल्याच त्यांना मेसेज वाचून दाखवायची. सहा दिवस आले. सहाही दिवस बरोबर. सातव्या दिवशी मेसेज आला : 'अभिनंदन. आपण पात्र आहात.'

अप्पांनी तो तिच्याकडून तीनदा वाचून घेतला.

पात्र झालेल्यांना सरांनी लोअर परळच्या काचेच्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर नेऊन चहा पाजला. अप्पा खिडकीपाशी उभे राहिले आणि खाली बघत राहिले. गिरणीचं धुराडं एका कोपऱ्यात शोभेसाठी ठेवलं होतं, त्यावरून त्यांनी अंदाज बांधला.

"इथेच खाली माझे साचे होते," ते म्हणाले.

"अप्पा, ते चार साचे गेले," जयवंत सर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "आता ही मशीन तुमच्यासाठी चालेल. सहा लाखांचे पंधरा दिवसांत दहा."

घरी आल्यावर अप्पांनी हे कौसल्याला शब्दन् शब्द सांगितलं. त्या माणसाने कुठे बोट ठेवलंय ते कौसल्याला बरोबर कळलं आणि तिला त्याचा मनापासून राग आला.

तर पुढच्या रविवारी विहारात पैसे जमा करायचे ठरले. चाळीत पात्र तिघंच : अप्पा, बाबुराव आणि शिवणकाम करणाऱ्या एक बाई. बाकीच्यांनी या तिघांमार्फत पैसे लावावेत अशी सोय सरांनी केली. "तुम्हाला नव्हता का आला मेसेज?" असं कौसल्याने चार-पाच जणांना विचारलं. प्रत्येकाने एकच उत्तर दिलं, "मी नंबर दिलाच नव्हता." त्यांच्या घरात फळीवर सरांचा डबा मात्र दिसत होता.

सोमवारी हॉस्पिटलमधून येताना ती मासळीबाजारात मंजुळाकडे थांबली. मंजुळा शीव कोळीवाड्याची. कौसल्या दहा वर्षं तिच्याकडूनच मासळी घ्यायची, कारण मंजुळा बोंबील ताजे नसले तर नसल्याचं सांगत असे. आज बोंबलाचं पाणी निथळवताना म्हणाली, "ताई, तू शिकलेली. मोबाइल जुना असला की काय होतं गं?"

"म्हणजे?"

मंजुळाने पदराला हात पुसले आणि मोबाइल पुढे केला. मेसेज होता : 'आपला मोबाइल नेटवर्कशी जुळला नाही. सिग्नल उलटा पोहोचला. आपण अपात्र आहात. — एकविरा नेटवर्क.'

कौसल्याने तो दोनदा वाचला. वर तीन मेसेज होते. तारखा तिला पाठ होत्या, कारण त्याच तारखांना ती अप्पांना वाचून दाखवत होती. पहिले दोन दिवस जुळत होते. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, अप्पांना 'आज तेजी' होतं. मंजुळाला 'आज मंदी.'

"हे एकविरा कोणी काढलं?"

"जयवंत सर. नऊ थर हायत म्हणतात, नवरात्रासारखे. आमच्यातल्या चौघी पात्र झाल्या. माझा मोबाइल पडला जुना." मंजुळाने आवाज खाली आणला. "कोणाला बोलू नको हां. घरात पण सांगितलं नाही मी."

थोडक्यात, वरळीत बावीस थरांची प्रज्ञा आणि कोळीवाड्यात नऊ थरांची एकविरा. मशीन एकच, मालक एकच, फक्त पाटी माणसं बघून बदललेली. कौसल्याने बोंबील बाजूला ठेवून मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर बाराशेला दोनाने भागायला सुरुवात केली. मंजुळाला वाटलं, ही भावात घासाघीस करतेय.

घरी येऊन तिने अप्पांना सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "तिचा मोबाइल जुळला नसेल."

"अप्पा, जुळणं म्हणजे काय?"

"ते त्यांनी सांगितलंय."

"त्याने अर्ध्यांना तेजी सांगितली, अर्ध्यांना मंदी. ज्यांचं चुकलं त्यांना सोडून दिलं. उरलेल्यांचे परत दोन भाग. असं करत गेलं की शेवटी कोणी तरी उरणारच, ज्याचं सगळं बरोबर आलंय."

"मग माझंच कसं बरोबर आलं?"

"कोणाचं तरी येणारच होतं."

"कोणाचं तरी नाही. माझं आलं." अप्पांनी चष्मा काढून पुसला. "तू नर्स आहेस, कौसू. तुला शेअर बाजारातलं काय कळतं?"

"तुम्हाला काय कळतं?"

"मला काहीच कळत नाही. म्हणून तर मशीन आहे."

तिने बोंबील तळले आणि दोघं जेवायला बसले. पण जेवताना तिला एक गोष्ट आठवली. शिकाऊ नर्सना ती काही शिकवायची तेव्हा नुसतं सांगून भागत नसे. हातात सुई देऊन करून दाखवलं की एका दिवसात जमायचं.

त्याच रात्री ती आपल्या मजल्यावरची, स्वतःचं घर धरून, वीस आणि खालच्या मजल्यावरची बारा अशी बत्तीस घरं फिरली. "आमच्या हॉस्पिटलात पण तसंच मशीन आलंय. फुकट आहे. आठवडाभर रोज सकाळी चिठ्ठी देईन. फक्त कोणाला दाखवायची नाही." पंचशीलातलं खोटं न बोलण्याचं शील तिने पाच दिवसांसाठी बाजूला ठेवलं. कसलं मशीन, कोणत्या डॉक्टरने आणलं, असं एकानेही विचारलं नाही. एका घरात मात्र विचारलं की या मशीनला थर किती. कौसल्याने तोंडाला येईल तो आकडा सांगितला आणि ते समाधान पावले.

बत्तीसांतून एक घर उरायला पाच दिवस लागतात, असा तिचा हिशेब होता. पण सोमवार तर संपला होता, आणि शनिवार-रविवारी बाजार बंदच असतो. म्हणजे हातात चारच दिवस. तरी तिने बत्तीस घरं तशीच ठेवली. पहिली चिठ्ठी मंगळवारची. सकाळी सोळा घरांत 'तेजी', सोळांत 'मंदी'. कोणाला काय, हे तिने नाणं उडवून ठरवलं आणि वहीत लिहून ठेवलं. बाजार चढला. बुधवारी सोळा घरांत 'अपात्र' अशी चिठ्ठी गेली आणि उरलेल्या सोळांचे पुन्हा दोन भाग झाले. त्या दिवशी बाजार पडला. अप्पांच्या चिठ्ठीवर तेजी होती.

गुरुवारी सकाळी आठ 'अपात्र' चिठ्ठ्या लिहायच्या होत्या, त्यातली एक स्वतःच्याच घरातली. बाकीच्या सात तिने भराभर लिहिल्या. आठवीपाशी पेन थांबलं. ज्या शब्दाने या माणसाला चार वर्षं कचेऱ्यांच्या खिडक्यांपुढे उभं केलं, तोच शब्द त्यांना दिसावा म्हणून तिने मोठ्या अक्षरांत लिहिला, आणि चहाच्या कपाखाली ठेवून कामावर गेली.

संध्याकाळी आली तेव्हा अप्पा बोलले नाहीत. शुक्रवारीही नाहीत. चिठ्ठीबद्दल तक्रार नाही, प्रश्न नाही. फक्त चेकबुक उशाखालून काढून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलं.

शनिवारी शेवटच्या दोन 'अपात्र' चिठ्ठ्या गेल्या, दोन घरं उरली आणि आठवडा संपला. हातात पाचवा दिवस नव्हता.

रविवारी विहारात गेल्या खेपेपेक्षा जास्त गर्दी होती. चादरीवर आकडे धावत होते. जयवंत सरांपुढे टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि फॉर्मांचा गठ्ठा. बाबुरावांनी तर गुरुवारीच दोन लाख देऊन आपली जागा अडवली होती आणि आता ते रांग लावत होते. रांगेत पहिले अप्पा.

"बाबुरावकाका, मला पाच मिनिटं बोलू द्या," कौसल्या म्हणाली.

"नंतर बोल गं."

"नंतर बोलून उपयोग नाही."

बाबुरावांनी घड्याळाकडे बघून मान हलवली. विहारात कोणालाही बोलायची मुभा होती, आणि नियम त्यांनीच लिहिले होते.

"आज रविवार आहे," कौसल्या म्हणाली. "शेअर बाजार बंद आहे. मागच्या रविवारीही बंद होता. मग हे लाइव्ह आकडे कुठून येतायत?"

सरांनी पापणीही हलवली नाही. "ताई, रविवारी नेटवर्क सराव करतं. खेळाडू मॅच नसताना सराव करतो की नाही?"

लोकांनी माना डोलावल्या. सराव करायला हवाच. कौसल्याला हे अपेक्षित होतं. ती वही उघडून म्हणाली, "ठीक आहे. माझं मशीन पण ऐका. ते चार दिवस चाललं. गंगुबाई, जरा चंची देता?"

गंगुबाई ब्याऐंशी वर्षांच्या, कोपऱ्यात पाय पसरून बसलेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी पानाची चंची पुढे केली. सुपारीबरोबर त्यात चार चिठ्ठ्या होत्या, एकही उघडलेली नाही.

"का नाही उघडल्या, आजी?"

"तू बोललीस कोणाला दाखवू नको. वाचायला कोणाला तरी दाखवावीच लागली असती गो."

बाबुरावांनी चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या. मंगळवार तेजी, बुधवार मंदी, गुरुवार तेजी, शुक्रवार तेजी. एकाने मोबाइलवर बाजार तपासला. चारही बरोबर. मागच्या रांगेतला एक जण उठून उभा राहिला, गंगुबाईंकडे आदराने पाहिलं आणि विचारलं, "आजी, सोमवारचं काय?"

"सोमवारी नळाला पाणी उशिरा," गंगुबाई म्हणाल्या.

कौसल्याने कोणालाच हसू दिलं नाही. "माझ्याकडून ज्यांना 'अपात्र' चिठ्ठी आली, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. वहीत तीस नावं होती आणि तिसांतले बहुतेक समोर बसले होते. कोणी पंख्याकडे पाहत होतं, कोणी चपलेकडे. त्या क्षणी तिला वाटलं, आपण हरलो. माणसं फसायला तयार होती, पैसे घालवायला तयार होती, पण 'मी अपात्र' म्हणायला तयार नव्हती. तिने मोठ्याने नावं वाचली असती तर जमलं असतं. ते तिला करवलं नाही.

मग रांगेत पहिल्या उभ्या असलेल्या माणसाचा हात वर गेला.

"मी," अप्पा म्हणाले. "गुरुवारी सकाळी. चहाच्या कपाखाली."

ते तिच्याकडे बघत नव्हते. हात मात्र त्यांनी खांद्यापाशी नाही, पूर्ण वर धरला होता, जुन्या दिवसांत गिरणीच्या दारावरच्या सभेत धरायचे तसा. मग शिवणकामवाल्या बाईंचा हात आला. मग कपाटावरच्या दोघांचा. एकेक करून हॉलमध्ये सव्वीस हात झाले.

"आता जयवंत सरांच्या मशीनने ज्यांना अपात्र केलं, तेही हात वर करा."

या वेळी थांबावं लागलं नाही. सगळ्या बाजूंनी हात वर आले. ज्यांनी नंबर दिलाच नव्हता, त्यांचेही. लोक वळून वळून एकमेकांचे हात बघत होते. प्रत्येकाला आतापर्यंत वाटत होतं की आपला एकट्याचाच मोबाइल वाईट.

कौसल्याने फळ्यावर आकडे लिहिले. बत्तीस, सोळा, आठ, चार, दोन. "माझ्याकडे कसलंही मशीन नाही. नाणं आहे. निम्म्यांना तेजी लिहिली, निम्म्यांना मंदी. चार दिवसांनी दोन घरं उरली, त्यातलं एक गंगुबाईंचं. त्या उरल्या म्हणून त्या हुशार नाहीत आणि तुम्ही गळलात म्हणून तुमच्यात खोट नाही." शेजारी तिने दुसरी ओळ लिहिली. बाराशे, सहाशे, तीनशे, दीडशे, पंचाहत्तर, सदतीस, अठरा. "हे यांचं. बाराशे नंबर, सहा दिवस. अठरा जण 'पात्र'. तिघं इथे, चौघी शीव कोळीवाड्यात. तिथे या प्रज्ञेचं नाव एकविरा आहे."

"हे बघा, ही नाण्याची गंमत आहे," जयवंत सर म्हणाले. आवाज थोडा चढला होता. "न्यूरल नेटवर्क हे शास्त्र आहे. परदेशात..."

"आहे ना," कौसल्या म्हणाली. "खरं शास्त्र आहे. पण शास्त्र आधी चुका मोजतं. नवं औषध आलं की बरे झालेले किती आणि न झालेले किती, दोन्ही लिहावं लागतं."

अप्पा अजून रांगेतच उभे होते. त्यांनी हात खाली घेतला आणि टेबलापाशी गेले.

"सर, मी चार साचे चालवले," ते म्हणाले. "रोजचा तागा घडीखात्यात जायचा. तिथे माणूस बसलेला असायचा, कापड उजेडात धरून बघायला. खराब निघालेलं वेगळं ठेवायचे, वार मोजायचे, नावावर टाकायचे. माझ्या पगारातून कापायचे. चांगलं कापड किती निघालं ते खराब मोजल्याशिवाय कळत नाही. तुमचं खराब कुठे ठेवलंय? ते दाखवा. मग मी चेक देतो."

जयवंत सरांनी लॅपटॉप बंद केला. चादरीवरचे आकडे मात्र धावतच राहिले, कारण ती प्रोजेक्टरमध्ये खोचलेल्या पेनड्राइव्हवरची फिल्म होती. चार्जर गाडीत राहिला, आणतो, असं ते म्हणाले. बाबुरावांनी दार लावून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच पावती न घेता दिलेल्या दोन लाखांबद्दल विचारणा सुरू केली. तासाभराने वीस-पंचवीस जण सरांना घेऊन पोलीस ठाण्यात गेले. चौदाव्या मजल्यावरची खोली तासाच्या भाड्याने मिळते, हे तिथे कळलं. बाबुरावांचे पैसे अजून आलेले नाहीत. कोळीवाड्यातल्या चौघींपैकी दोघींचे वाचले, कारण मंजुळाने त्याच दिवशी घरोघर जाऊन आपला 'अपात्र' मेसेज सगळ्यांना दाखवला.

यंत्र खरं की खोटं, हे यंत्राचा मालक सांगणार नाही आणि ज्याचं नशीब फळलं तोही सांगू शकणार नाही. बरोबर आलेले पुढच्या रांगेत बसतात, टाळ्या वाजवतात, म्हणून ते दिसतात. चुकलेले लाजेने घरी बसतात. कोणी चमत्कार दाखवला, मग तो अंगाऱ्याचा असो की बावीस थरांचा, तर आधी त्या घरी बसलेल्यांना शोधावं आणि विचारावं. आणि आपणच त्यांच्यातले असलो, तर हात वर करावा. एवढं केलं तरी पुष्कळ फसवणूक जागच्या जागी थांबते.

सोमवारी अप्पा कौसल्याबरोबर पतपेढीत गेले. क्लार्कने फॉर्म पुढे सरकवला आणि सहीच्या जागी पेन्सिलने फुली केली.

"थांबा," अप्पा म्हणाले. "व्याज किती, ते कसं लावता, सात वर्षांत एकूण किती जाणार, ते कागदावर मांडून दाखवा. एखादा हप्ता चुकला तर काय, तेही."

मागे रांग होती. क्लार्कने कौसल्याकडे पाहिलं, तिने मागच्यांना थांबायची खूण केली. वीस मिनिटं त्याने गणित मांडलं. अप्पांनी दोनदा अडवलं, एकदा त्याची बेरीज चुकलेली निघाली, ती त्याने दुरुस्त केली. मग अप्पांनी सही केली, कागद घडी करून खिशात ठेवला आणि लेकीला म्हणाले, "दर महिन्याला माझ्या पेन्शनमधले हजार यात घालायचे. नाही म्हणालीस तर का नाही, ते मला समजावून सांगायचं."

कौसल्याला कारण सांगता आलं नाही. मग तिने हो म्हटलं.